मॅग्नेट्रॉन आणि आईची विळी

सेनगावच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते. सूक्ष्मलहरींचा भाग आला की शिकवायच्या आधीच थकवा येतो. फळ्यावर तीच निर्वात नळी काढायची, मधोमध तापलेली तार, बाहेर चुंबक. तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन चुंबकामुळे सरळ जायचं सोडून गरगर फिरतात आणि त्यातून लहरी निघतात. या नळीला मॅग्नेट्रॉन म्हणतात. लढाईत शत्रूची विमानं हुडकायला रडारमध्ये वापरलेली ही नळी पुढे भाजी गरम करायला लागली, एवढ्याच वाक्याला पोरं हसतात. मग मी हिंगोलीची एसटी पकडते.

घरी मी आणि आई, दोघीच. मागे एकदा दूध गॅसवर ठेवून ती झोपली आणि पातेलं जळून काळं झालं. पुण्याहून भाऊ म्हणाला, "पुन्हा काही झालं तर मी तिला इकडं घेऊन येणार." आईला पुण्याचं नावही नको असतं. म्हणून मी मायक्रोवेव्ह ओव्हन आणला. निघताना मी सिलिंडर बंद करायचा, तिनं बोट कापून घेऊ नये म्हणून विळी माळ्यावर टाकायची, दुपारी तिनं फक्त ताट गरम करायचं.

दिवाळीला आणलेला ओव्हन होळीपर्यंतच टिकला. दिवा लागायचा, ताट फिरायचं, भाजी गार ती गारच. दुरुस्तीवाल्यानं उघडून पाहिलं. "मॅडम, मॅग्नेट्रॉन गेलं. रिकामा चालवला का कुणी?"

"न्हाई बा," आई घाईनं म्हणाली.

तो गेल्यावर मी पुन्हा विचारलं.

"तवा तापल्याबिगर भाकर टाकतं का कुणी?" ती म्हणाली. "रोज आधी तापू देत होते."

मी कपाळाला हात लावला. आत शोषून घ्यायला काही नसलं की लहरी उलट फिरून त्या नळीलाच जाळतात. हे वर्गात इतक्यांदा सांगितलं होतं की घरी सांगायला तोंडात बळ उरलं नव्हतं. तरी सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि एकदम तिचा आवाज चढला.

"गॅस बंद करून जातीस. विळी वर ठेवतीस. दिवसभर भिंतीकडं बघत बसते मी. एक मशीन हाती दिलं, ते बी माझ्या मनानं चालवू नको व्हय?" मग हळूच म्हणाली, "दादाला सांगू नको. मला न्हाई जायचं तिकडं."

नवी नळी बसवून घेतली. आत कायम पाण्याचा एक कप ठेवायचा, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी बसला निघताना मी विळी माळ्यावरून काढली आणि भेंडीसकट तिच्यापुढे ठेवली. बोट सांभाळ, हे ओठावर आलेलं गिळलं. दिवसभर शिकवण्यात लक्ष नव्हतं.

संध्याकाळी आले तर भेंडीचे तुकडे लहानमोठे, पण सगळी चिरलेली. आईच्या बोटाला हळद लावून चिंधी बांधलेली. फार दिवसांनी ती मजेत दिसत होती. तेवढ्यात भावाचा व्हिडिओ कॉल आला.

"ओव्हन बिघडलाय म्हणाली होतीस, काय झालं होतं?" त्यानं विचारलं.

"नळी गेली होती," मी म्हणाले. "जातात कधीकधी."

आईनं बोट पदराखाली घेतलं. मी मोबाइल जरा वर धरला, तिचा फक्त चेहरा दिसेल असा.