झाकणाचा डबा

उचगावच्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथं दुपारची खिचडी सगळ्यांनाच मिळते. त्यामुळं खिचडी खातो तो गरीब, असं म्हणायची सोय नाही. ताटली मात्र ज्यानं त्यानं घरून आणायची. बहुतेक पोरं ताटलीच आणतात, काहीजण झाकणाचा डबा आणतात. कुणाच्या घरात काय चाललंय, हे मला त्या झाकणावरून कळतं. डबेवाली पोरं अर्धंच खातात, उरलेलं घरी जातं.

मध्यंतरी तपासणीला आलेले साहेब म्हणाले, अन्न शाळेतच संपलं पाहिजे, घरी नेऊन कुणाला बाधलं तर जबाबदार कोण? साहेबांचं चुकलं असंही म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी परिपाठाला मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं, उद्यापासून डबे बंद.

दुसरीतली एक मुलगी ताटली घेऊन बसली. अर्धी खिचडी खाऊन थांबली.

"खा की," मी म्हणाले.

"प्वाट भरलंय, बाई."

तिनं दप्तरातून दुसरी ताटली काढली आणि पहिलीवर पालथी घातली. मग एका वेणीची रिबीन सोडून दोन्ही ताटल्या घट्ट बांधल्या. मी बघत राहिले. वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही. घंटा झाल्यावर मी पाढे घेतले.

आठवड्यानं साहेबांचा फोन आला. डबे अजून येतात का, त्यांनी विचारलं.

"नाही साहेब, आता एकही डबा येत नाही."

"बघा, जमतंय की," साहेब म्हणाले.