दोन भागांमधली शांतता

सिम्फनीच्या दोन भागांमध्ये टाळ्या वाजवत नाहीत. लोक फक्त खोकून घेतात. त्याच शांततेत मी उठून घोषणा द्यायची, असं ठरलं होतं. या सभागृहाने सफाईच्या बायकांना एका फटक्यात काढून टाकलं, हे तिकीट काढून आत बसलेल्यांना कळायलाच हवं होतं. बायका बाहेर फाटकाशी कान देऊन उभ्या होत्या.

दुसरा भाग संथ होता, मायनर म्हणजे उदास सुरांतला. व्हायोलिनच्या थोरल्या भावांसारखे चेलो खालच्या पट्टीत इतके सावकाश चालले होते, की कुणीतरी घर सोडताना पुन्हा पुन्हा मागे वळून बघतंय असं वाटलं. माझे डोळे भरून आले. शेवटचा स्वर विरला. लोक खोकले. घोषणेसाठी माझ्यासोबत आलेल्या कविताने शेजारून चिमटा काढला, "ऊठ ना, गाढवा!" मी बसूनच राहिलो. तिसरा भाग उड्या मारत सुरूही झाला.

त्या सुरांतल्या दुःखाला कुणाचं नाव नव्हतं, म्हणूनच ते मला सोपं गेलं. काढून टाकलेल्या बायकांतल्या शेवंतामावशी फाटकाशी रडायच्या, तेव्हा मी कोरड्या डोळ्यांनी पत्रकं वाटत असायचो.

मी बाहेर येताच त्यांनीच विचारलं, "बोललास का रे पोरा? आम्हाला काहीच ऐकू आलं नाही."

"वाद्यांचा आवाज फार होता, मावशी," मी म्हणालो.

मी उठायचं होतं त्या क्षणी तर आत एकही वाद्य वाजत नव्हतं.