बल्बखाली काढलेली चित्रं

शाळेत त्यांना सगळे उजेडमास्तर म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. चित्रकलेच्या पहिल्या तासाला ते टेबलावर एक किटली आणि दोन सफरचंदं मांडत. पोरांनी पेन्सिली सरसावल्या की ओरडत, "थांबा! आधी सांगा, उजेड कुठून येतो?" खिडकीकडे बोट दाखवल्याशिवाय कुणालाही रेघ ओढायची परवानगी नव्हती. दुसरा नियम त्याहून कडक होता. रंगकाम फक्त दिवसा. "रात्री दिव्याखाली गृहपाठ करा, रेघा मारा, भावंडांशी भांडा, पण रंग लावू नका. बल्ब खोटं बोलतो. त्याच्या पिवळ्या उजेडात निळा रंग मेल्यासारखा दिसतो, म्हणून माणूस तो लावतच सुटतो. सकाळी उठून बघावं तर सफरचंद गारठून निळं पडलेलं!" पोरं खो खो हसत. मास्तर मात्र हसत नसत, कारण हा विनोद कुणाच्या जिवावर चालला आहे हे त्यांना ठाऊक होतं.

मास्तर मुळात मास्तर व्हायला निघालेच नव्हते. कला महाविद्यालयात चेहरे काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. प्राध्यापक त्यांचं चित्र वर्गात फिरवून दाखवत आणि म्हणत, "ह्याला डोळा आहे." बाकीच्यांना मग काय होतं कोण जाणे. पण शिक्षण संपलं तसं घरात वडिलांनी तोंड उघडलं. वडील कारकून, जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या गोळा केलेले. ते म्हणाले, "चित्रं काढून काय उजेड पाडणार आहेस? शाळेत जागा निघालीय, ती धर आणि मग काय ती चित्रं काढ." मुलानं जागा धरली. दोन-तीन वर्षांपुरती, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं आणि स्वतःलाही पटवलं. शाळा सुटली की उरलेला दिवस आपला, इतका सरळ विचार होता.

शाळेनं हा विचार पहिल्याच वर्षी धुऊन काढला. चित्रकलेचा मास्तर म्हणजे फुकटचा रंगारी, असं हेडमास्तरांचं मत होतं. पालकसभेची वाट दाखवणारे बाण रंगवा, संमेलनाचा पडदा रंगवा, पाण्याच्या टाकीवर 'पाणी जपून वापरा' लिहा. संस्थेच्या अध्यक्षांचं चित्र काढा, आणि जरा केस जास्त दाखवा. तास म्हणावेत तर तेही हाती राहत नसत. परीक्षा जवळ आली की गणिताचे सर दारातूनच म्हणायचे, "मास्तर, तुमचा तास घेतो हां. तुमचं काय, चित्रं पोरं घरीसुद्धा काढतील." मास्तर खडू खाली ठेवून बाहेर पडत आणि व्हरांड्यात उभे राहत. भांडता आलं असतं. पण मनातून त्यांना शाळा आपली वाटतच नव्हती. आपण इथे पाहुणे आहोत, पाहुण्यानं कशाला भांडायचं, असं म्हणत म्हणत पाहुण्याचे केस पांढरे झाले.

लग्न झालं, लेक झाली, खर्च वाढला. मग रविवार सकाळचा वर्ग सुरू झाला. कला महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला बसणारी मुलं शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत जमत. त्या खोलीला उत्तरेची मोठी खिडकी होती, दिवसभर एकसारखा, शांत उजेड देणारी. त्या खिडकीपाशी चित्र काढावं म्हणून मास्तर तरुणपणी तडफडले होते, आणि आता तिथे लोकांची पोरं बसत होती. मास्तर त्यांच्या मागे उभे राहून सांगत, "गालावरचा तांबडा दिसतो का? नीट बघ. तो तांबडा नाहीये, नारिंगी आहे." पोरं बघत, शिकत, पास होत आणि निघून जात. मास्तरांचा दिवस असा सगळाच्या सगळा विकला गेला. त्यांच्या वाट्याला उरली संध्याकाळ.

घर इमारतीच्या मागच्या बाजूला, दोन खोल्यांचं. आतल्या खोलीला खिडकी होती खरी, पण ती उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत. हात बाहेर काढला तर बोटं टेकतील इतकी जवळ. तिथे भर दुपारीसुद्धा बल्ब लावावा लागे. त्या बल्बखाली मास्तरांचं चित्र टेकवायचं ईझल उभं होतं आणि त्याच्यासमोर एका स्टुलावर, भांडी आवरून, ओले हात पुसत त्यांची बायको येऊन बसायची. मॉडेलला द्यायला मास्तरांकडे काही नव्हतं, आणि बायको काही मागत नव्हती. शिवाय ती हलायची नाही. दिवसभर इतकं काम झालेलं असायचं की एका जागी बसायला मिळालं हेच तिला पुष्कळ वाटे.

"मान जरा डावीकडे."

"अहो, डावीकडे करून करून एक दिवस माझी मान तिथेच राहील."

"बोलू नकोस गं, ओठ हलतात."

मग ती गप्प बसायची. तिला या वेळेचं फार अप्रूप होतं, हे मास्तरांना कधी कळलं नाही. दिवसभर ज्या माणसाचं लक्ष दुसऱ्यांच्या पोरांकडे, तो रोज संध्याकाळी थोडा वेळ का होईना फक्त आपल्याकडे बघतो, एवढ्यासाठी ती झोप मारून बसत असे.

आता कुणी विचारील, बल्ब खोटं बोलतो हे मास्तरांना माहीत नव्हतं का? त्यांच्याइतकं ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणूनच तर घात झाला. बल्ब किती खोटं बोलतो ते आपण ओळखून आहोत, तेवढं मनातल्या मनात वजा करू, असा त्यांचा ताठा होता. सुरुवातीला ते चित्र गुंडाळून रविवारी शाळेत नेत, खिडकीपाशी धरून बघत आणि चुकलेला रंग घरी येऊन पुन्हा बल्बखालीच सुधारत. पण एकदा गणिताच्या सरांनी बघितलं आणि शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं, "आज मास्तरांनी वहिनींना बगलेत मारून आणलंय!" सगळे हसले. मास्तरांनी चित्रं नेणं बंद केलं. लोक हसतात म्हणून, असं ते सांगत. खरं कारण वेगळं होतं. चित्र दरवेळी थोडं जास्तच चुकलेलं निघत होतं, आणि ते बघायची त्यांना भीती वाटायला लागली होती. डोळा गेला तर आपल्याकडे उरलं काय? तेव्हापासून चित्र पुरं झालं की ते भिंतीकडे तोंड करून ठेवून देत. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन पुन्हा ओरडत, "उजेड कुठून येतो?"

निवृत्त झाल्यावर एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. शाळेत मास्तर तिला 'दोन वेण्या' म्हणत. आता केस आखूड कापलेले, आणि चित्रकार म्हणून नाव इतकं मोठं की पेपरात फोटो येत. ती म्हणाली, "सर, तुमचं एक प्रदर्शन व्हायलाच हवं. शहरातला चांगला हॉल मी मिळवून देते. उद्घाटनाला मी येणार. नाही म्हणायचं नाही." मास्तर नाही कशाला म्हणतील? जन्मभर ज्याची वाट बघितली ते दार असं आपणहून उघडलं होतं. ड्रॉइंग मास्तर म्हणून मरायचं की चित्रकार म्हणून, याचा निकाल या एका प्रदर्शनात लागणार होता. त्यांनी चित्रं निवडली. सगळे बायकोचेच चेहरे, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून आतापर्यंतचे.

"मला कशाला टांगताय चारचौघांत?" बायको म्हणाली. पण तिनं लेकीला दोनदा फोन करून तारीख सांगितली आणि नवे कपडे शिवून घेतले.

चित्रं आदल्या दिवशी, अंधार पडल्यावर टांगली. हॉलमध्ये पिवळे दिवे लागलेले होते. मास्तर मागे सरून बघत राहिले. भिंतभर तिचे चेहरे, उबदार, जिवंत. आपण वाया गेलो नाही असं त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वाटलं, आणि डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलच्या शिपायानं मोठ्या थाटात पडदे सरकवले. जमिनीपासून छतापर्यंत खिडक्या होत्या, आणि त्यातून स्वच्छ, पांढरा उजेड आत आला. मास्तर दारातच थबकले. सगळे चेहरे थंड पडलेले होते. गालांवर हिरवट झाक, ओठ निळे, कपाळ राखेच्या रंगाचं. विशीतली बायको पाण्यातून नुकती बाहेर काढल्यासारखी दिसत होती. एक चित्र नव्हे, एकूण एक. वजाबाकी पहिल्यापासून चुकत आली होती.

"पडदे लावा," मास्तर म्हणाले. "पडदे लावून दिवे लावा."

"दिवसा दिवे?" शिपाई म्हणाला. "साहेब, लोक या खिडक्यांसाठीच तर हॉल घेतात."

तेवढ्यात माणसं यायला लागली. हेडमास्तर आले, गणिताचे सर काठी टेकत आले, रविवारच्या वर्गातली टक्कल पडलेली पोरं आली. दोन वेण्या आली, पाया पडायला वाकली, उठताना भिंतीकडे बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. तिनं एकदा चित्रांकडे बघितलं, एकदा खिडकीकडे. मग मास्तरांकडे बघायचं टाळलं. तिला कळलं होतं. कळणारच, मास्तरांनीच शिकवलेलं होतं.

भाषणात ती म्हणाली, "सरांनी या चेहऱ्यांत मुद्दाम एक गारवा ठेवलाय. सुंदर दिसणं नाकारायला धाडस लागतं." टाळ्या पडल्या. गणिताचे सर शेजारच्याला म्हणाले, "मॉडर्न आहे हो, आपल्याला नाही कळायचं." मास्तर हात जोडून उभे होते. जन्मभर त्यांनी एकाही पोराची चूक झाकली नव्हती, चूक दिसली की चारचौघांत बोट ठेवलं होतं. आज त्यांच्या चुकीवर त्यांच्याच विद्यार्थिनीनं पांघरूण घातलं, आणि ते काढून फेकायची हिंमत त्यांच्यात नव्हती. त्यापेक्षा तिनं तोंडावर सांगितलं असतं तर बरं झालं असतं. निदान चित्रकार समजून सांगितलं असतं. ही तर म्हाताऱ्या मास्तरांची कीव होती.

भाषणानंतर एक अनोळखी गृहस्थ जवळ आले. त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "वहिनींना जाऊन किती दिवस झाले?"

बायको मागेच उभी होती.

एका टोकापासून सुरुवात करून ती एकेक चित्र बघत गेली, प्रत्येकापुढे थांबत. तोवर माणसं चहाच्या टेबलाकडे पांगली. मग ती परत आली.

"मी इतकी वर्षं आजारी होते का हो?"

"नाही गं. बल्बमुळे झालं ते. दिव्याखाली रंग कळत नाही."

"पोरांना तर तुम्ही सांगायचात."

"हो."

"मग?"

"दिवसा वेळ कुठे होता मला?"

"पोरांसाठी होता," ती म्हणाली. रागावून नाही. राग परवडला असता. "तुम्हाला एकदाही वाटलं नाही, हिला सकाळी खिडकीत बसवावं? एका रविवारी वर्ग बुडाला असता तर आभाळ कोसळलं असतं का?"

मास्तरांनी खिडकीजवळ एक खुर्ची ओढली आणि खिशातली छोटी वही काढली. "बस इथे," ते म्हणाले. "एकदाच बस. रंगाच्या खुणा तेवढ्या करून घेतो. नव्यानं काढतो. आता दिवस माझाच आहे."

ती खुर्चीत बसली. उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला. तिच्या डोळ्यांखाली तपकिरी छटा होती, गालावर बारीक लाल शिरा, आणि कानाखाली एक डाग, जो कुठल्याच चित्रात नव्हता. या बाईचा रंग गव्हाळ आहे की निमगोरा, हेसुद्धा आपल्याला धड माहीत नव्हतं, हे मास्तरांना त्या क्षणी कळलं. त्यांनी घाईघाईनं पेन्सिल काढली.

तिनं हात पुढे करून त्यांची वही मिटवली.

"आता काढायचं नाही. बघायचं तर नुसतं बघा. मी बसलेय."

मास्तरांनी बघायचा प्रयत्न केला. पण हातात पेन्सिल नसताना कुणाकडे बघायची त्यांना सवयच नव्हती. तिची नजर त्यांच्या नजरेला भिडली, आणि थोड्या वेळानं मास्तरांनी मान खाली घातली.