बिनकामाचं चालणं

मी कापूस घेतो. घाटंजीपासून थोडं आत, आमच्या गावात रस्त्याला लागूनच माझं गोदाम आहे आणि गोदामाच्या दारात मोठा काटा. हंगामात लोक गाठोडी घेऊन येतात. मी त्यात कोपरापर्यंत हात घालतो, माल किती ओला आहे ते पाहतो आणि तेवढं वजन कापतो. गावात माझ्याबद्दल जे काही वाईट बोललं जातं ते सगळं या ओलाव्यावरून.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की वजन फार झालंय आणि साखर उंबरठ्यावर येऊन बसलीये. "काका, उपासतापास काही करू नका," त्या म्हणाल्या. "जन्मभर जमेल तेवढंच बदला. रोज चाला, चहातली साखर कमी करा आणि पोट भरलं की पानावरून उठा." हे सगळं मला पटलं. वजनाचा आकडा तेवढा पटला नाही. काट्याच्या धंद्यात केस पिकवलेला माणूस दुसऱ्याच्या काट्यावर विश्वास ठेवत नसतो. घरी आल्याबरोबर गोदामात गेलो, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून चपला काढल्या आणि आपल्याच काट्यावर चढलो.

पूर्ण एक क्विंटल.

"ओलावा किती कापू, भाऊ?" मागून आवाज आला.

दारात एक शेतकरी गाठोडं खांद्यावर घेऊन उभा होता. त्याने गाठोडं खाली टाकलं, जवळ येऊन माझा दंड दाबून पाहिला आणि अगदी माझ्याच सुरात म्हणाला, "माल चांगला हाय, पण ओला हाय. वाळवून आणा." मला वाटलं, हे कोणी बायकोला सांगण्याआधी घरी पोचावं. पोचलो तेव्हा ती दारातच हसत उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पांढरे बूट आणि बाजूला पट्टा असलेली पँट घालून रस्त्याला लागलो. नाल्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, असा बेत होता. पण आमच्या भागात माणूस पायी दिसला की त्याची गाडी बिघडलेली असते, नाहीतर घरात भांडण झालेलं असतं. बिनकामाचं चालणं ही गोष्टच कोणाला ठाऊक नाही. गावाची कमान ओलांडतो न ओलांडतो तोच शाळेतल्या सरांची मोटरसायकल करकचून थांबली.

"काहून पैदल चालले भाऊ? गाडी बंद पडली काय?"

"नाही सर, चालून राह्यलो."

"ते दिसून राह्यलं. पण कायले?"

"असंच."

सरांचा चेहरा उतरला. "बसा मागं," ते हळूच म्हणाले. "मनात काही असन तर बोला."

आता नाही म्हणावं तर सरांना वाईट वाटणार. बसलो. नाल्यावर उतरलो, सर दिसेनासे झाले आणि परत यायला वळलो, तर दूधवाला थांबला. त्याने दोन कॅनांच्या मधे मला बसवून घरापर्यंत आणलं. बायको अंगण झाडत होती. माझ्या बुटांकडे पाहून म्हणाली, "धूळ नाही लागली एवढी पण."

हे रोजचंच झालं. मी जितका चालायचा प्रयत्न करायचो तितका गाड्यांवर फिरायचो. नको म्हटलं की लोकांना राग येई. एकाने तर विचारलं, "गरिबाच्या गाडीवर नाही बसत काय?" मी आडरस्त्याने जाऊ लागलो तर तिथे ट्रॅक्टर भेटला. शेवटी बाजाराच्या दिवशी एसटीच थांबली. हात न दाखवता! दार उघडलं, आणि आतली सगळी बस माझ्याकडे पाहू लागली. खिडकीतून माझ्या गावच्या दोन बाया ओरडल्या, "चढा ना लवकर, बाजार उठून जाईन!" एवढी माणसं माझ्यापायी खोळंबलेली पाहून मी चढलो.

घाटंजीच्या बाजारात उतरल्यावर काय करणार? व्यायामाला निघालेलो असल्यामुळे भूक सडकून लागली होती. कढईतून आलूबोंडे निघत होते. त्यावर लाल तर्री ओतून घेतली आणि उभ्याउभ्याच खाल्ले, म्हणजे बसून खाल्ल्याचं पाप नको. येताना ऑटोत वांग्याच्या पोत्यावर बसून आलो.

"आज व्यायाम कुठपर्यंत गेलता?" बायकोने विचारलं.

"घाटंजीपर्यंत."

ती जवळ आली, माझ्या मिशीवरची तर्री पदराने पुसली आणि म्हणाली, "असं नाही होत. तुमाले चालाले काहीतरी कारण पाहिजे."

आमच्या गोठ्यात तेव्हा एक वगार होती, म्हणजे म्हशीची तरणी पारडी. काळी कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका आणि स्वभावाने सासुरवाशिणीपेक्षा सासूच जास्त. बायकोने तिचं दावं माझ्या हातात दिलं. "सकाळी वावरात नेऊन बांधा, संध्याकाळी घेऊन या. झालं काम."

आणि खरंच, जादू व्हावी तसं झालं. सर समोरून आले, वगारीकडे पाहिलं, मान हलवली आणि निघून गेले. माणूस ढोर घेऊन चाललाय, यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. पहिल्यांदाच मी नाला ओलांडून वावरापर्यंत स्वतःच्या पायाने गेलो. धापा टाकत धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसलो आणि मला इतका आनंद झाला की वगारीच्या पाठीवर थाप मारली. तिने शेपटी माझ्या तोंडावर मारली. ती शेणाने भरलेली होती.

एकाने मात्र हार मानली नाही. भाजीची छोटी गाडी चालवणारा एक पोऱ्या कच्चकन थांबला. "भाऊ, वगार टाका मागं, तुम्ही बसा समोर. दोघंही पोचून जासान." मी नको नको म्हणेपर्यंत त्याने फळी लावली. वगारीने फळी हुंगली, त्याच्याकडे पाहिलं आणि रस्त्याच्या मधोमध बसली. तो मागून ढकलू लागला, मी पुढून ओढू लागलो. दोन्हीकडे गाड्या थांबल्या. जो तो उतरून सल्ला देऊ लागला. शेवटी ती आपल्या मनाने उठली, गाडीतली कोथिंबिरीची एक जुडी उचलली आणि शेजारच्या तुरीत घुसली. दावं माझ्या मनगटाला गुंडाळलेलं होतं, त्यामुळे मीही घुसलो. लग्नानंतर मी पहिल्यांदा पळालो तो त्या दिवशी. तेव्हापासून आम्हाला पाहून कोणी वेगसुद्धा कमी करत नाही.

चालण्याचं असं जमलं. खाण्याचं मात्र माझ्या आईमुळे अवघड होतं. तिच्या लेखी जाड माणूस म्हणजे सुखी माणूस. मी दुसरी भाकर नको म्हटलं की ती बायकोकडे संशयाने पाहायची. बिनसाखरेचा चहा मागितला तेव्हा तर कपाळालाच हात लावला. "बाबू, असा चहा तर पाव्हण्याले उठवाले देते!"

बायकोने वाद घातला नाही. तिने सगळ्यांच्या चहाच्या भांड्यातली साखर चिमूट-चिमूट कमी करायला सुरुवात केली, इतकी हळू की मलाही कळलं नाही. भाकरीचा उंडाही तसाच लहान लहान होत गेला. आई रोज तोच चहा पीत होती आणि सुनेने आता कुठे चांगला चहा करायला घेतला असं शेजारी सांगत होती. मग एकदा ती कळंबला तिच्या बहिणीकडे जाऊन आली. दारातूनच बोलू लागली, "काय वं तो चहा! नुसता पाक! माणसं पेतेत का मुंगळे?" बायको चुलीकडे तोंड करून खोकत राहिली.

पँट ढिली होऊ लागली तशी आईची झोप उडाली. पोरगं वाळून राह्यलं, म्हणून तिने आम्हाला कळंबच्या चिंतामणीला नेलं. डोळे मिटून मोठ्याने म्हणाली, "देवा, माह्या बाबूले पहिल्यासारखं होऊ दे." बायकोनेही हात जोडले होते आणि ओठ हलत होते. बाहेर आल्यावर मी विचारलं, "तू काय मागितलं?"

"मी म्हटलं, सासूबाईचं मनावर नको घेऊ."

देवाने बहुतेक दोघींचं अर्धं अर्धं ऐकलं. मी काही काडी झालो नाही. पण पंगतीत मांडी घालून बसता येतं, खाली पडलेला रुपया उचलताना भिंत धरावी लागत नाही, आणि पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई रिपोर्ट पाहून म्हणाल्या, "काका, हे कसं जमवलं?" मी वगारीचं सांगितलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

मागच्या हिवाळ्यात मला ताप आला. वगार दाराशी येऊन ओरडू लागली, तेव्हा बायकोच दावं घेऊन निघाली. परत आली ती उशिरा, गाल लाल झालेले आणि पदरात बोरं बांधलेली. ताप उतरल्यावर मी दाव्याला हात घातला, तर तिने सोडलं नाही.

"माही झाली आता सकाळ," ती म्हणाली. "वीस-पंचवीस वर्षं झाली, या टायमाले मी चुलीपुढंच राहाची. मले काय माहीत, बाहेर एवढं छान असते म्हणून!"

"अन् मी?"

"तुम्ही या ना मागून. रस्ता काय माह्या बापाचा हाय?"

आता आम्ही तिघं जातो. सगळ्यात पुढे वगार, मग बायको आणि शेवटी मी. चहा आई करते, तिला हवा तसा कमी गोड. बायको चालता चालता सगळ्या गावच्या गोष्टी सांगते आणि तिला दम लागत नाही, याचं मला रोज नवल वाटतं. कालच चढावर मी म्हटलं, "अवं, थोडी थांब ना, मले ऐकू नाही येऊन राह्यलं."

"ऐकाचं असन तर जवळ या," ती मागे न बघता म्हणाली आणि आणखी भरभर चालू लागली.