सकाळी आठचा फोन

सकाळी आठला फोन वाजला तर मी कधी दचकत नसे. ती वेळ आमच्या सरांची. आदल्या दिवशी रूट कॅनाल केलेल्या प्रत्येक पेशंटला ते आठच्या ठोक्याला फोन करून विचारायचे, "सूज हाय का?" आणि लगेच मला कळवायचे. तीन आठवड्यांपूर्वी त्याच वेळी त्यांच्या मुलीचा फोन आला... बाबा झोपेतच गेले, म्हणाली.

कर्जतच्या त्यांच्या दवाखान्यात मी रुजू झाले तेव्हा हाताने चपळ आणि स्वभावाने उतावळी होते. हौसामावशींची दाढ साफ करताना सुई किती आत जावी ते दाखवणारी तिच्यावरची रबराची खूण सरकली, ते माझ्या लक्षातच आलं नाही. सुई हवी त्यापेक्षा खोल गेली आणि आतली घाण मुळाच्या टोकाबाहेर ढकलली गेली. दुसऱ्या सकाळी कळलं, मावशींचा गाल टम्म सुजलाय. "इन्फेक्शन आधीच जास्त होतं, असं सांगू या का?" मी सरांना विचारलं. सरांनी स्कूटर काढली, मला मागे बसवलं आणि थेट मावशींच्या वस्तीवर नेलं. गोठ्यापाशी उभं राहूनच म्हणाले, "मावशी, दाढ साफ करताना घाण मुळाच्या भाईर गेली. चूक आमची हाय."

आमची! मला रडूच फुटलं.

मावशी गालाला पदर लावून बघत राहिल्या. "तुमी सांगितलं नसतं, तर मला काय कळनार हुतं?"

"म्हनून तर आलो. चला, दाढ उघडून परत साफ करू. हीच करंल."

"हीच?" मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यांचं काय चुकलं? डॉक्टरकीच सोडायची, असं मी रस्ताभर ठरवत आले होते. पण त्या आल्या, त्याच खुर्चीत बसल्या, आणि मी खूण तीन-तीनदा मोजली. दोन दिवसांत सूज उतरली. मी आज डॉक्टर आहे ती त्या दोघांमुळे.

आता आठचे फोन मीच करते. सरांच्याच टेबलापाशी, इतके दिवस उभ्यानेच. खुर्चीत बसवत नव्हतं... परवा पहिला नंबर लावणार, तोच फोन वाजला.

"बाई, हौसा बोलतीय. लई ठनकतंय का?"

"दाढ दुखतेय का मावशी? या की लगेच."

"माजं न्हाई वो. तुमचं इचारतीय."

मी सरांच्या खुर्चीत बसले.

"व्हय मावशी," मी म्हटलं, "लई ठनकतंय."