टाकीत पाणी होतं

आमच्या बोरी गावात ज्या पिंपळाखालून दिवेलागणीनंतर कोणी जात नाही, त्याच पिंपळाखाली बसून मी वर्षानुवर्षं स्पार्क प्लग घासत आलोय. यावरून माझा स्वभाव समजून घ्या. भूत, करणी, भानामती... कोणी बोलायला लागलं की मी त्याची इतकी टर उडवायचो, की माणूस चहा अर्धा टाकून उठायचा. आज मीच मासिकाच्या या भुताखेतांच्या अनुभवांच्या सदरात लिहायला बसलोय हे कळलं तर गाव खो खो हसेल. हसू दे. माझ्यापुढं दुसरा इलाज उरलेला नाही.

माझं वेड म्हणजे लॉरी. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतर परभणीतल्या एका बंद जिनिंग कारखान्याच्या मागं मला ती दिसली. लढाईच्या काळातली लष्करी लॉरी, बाभळीत रुतलेली, सीटखाली मुंगसाचं बिऱ्हाड. मालकाला जागा मोकळी हवी होती, घेऊन जा म्हणाला. बैल जुंपून ओढत आणली तेव्हा अख्खं गाव बघायला जमलं, आणि सगळ्यात मोठ्यानं हसला तो माझा थोरला भाऊ, दादा.

"आरं बापू, मोटारीनं माणसं वाहायची असत्यात, बैलानं मोटार न्हाई! एवढं लोखंड लोहाराला दे, गावाला पुरतील एवढे फाळ हुतील."

शेती सगळी दादा बघायचा, म्हणून माझे लाड चालायचे. मी ना भाडं मारलं ना माल वाहिला. नुसतं खोलायचं, घासायचं, तेल द्यायचं, परत जोडायचं. फळ्या सुताराकडून नव्या घातल्या, रेडिएटरचं पितळ चिंच लावून उजळलं. ज्या दिवशी ती पहिल्यांदा धडधडली त्या दिवशी मी गॅरेजच्या... गॅरेज कसलं, गोठाच तो... गोठ्याच्या मागं जाऊन रडलो होतो. परभणी स्टेशनजवळचे रहमतमियाँ मिस्त्री हे माझे या विद्येतले गुरू. त्यांनी एक गोष्ट बजावून ठेवली होती. टाकीची भेग बुजवायला कथलाची झाळ द्यायची असली की आधी पेट्रोल पार काढायचं आणि टाकी पाण्यानं भरायची, नाहीतर आत कोंडलेली वाफ विस्तव लागताच भडकते. एक रात्र पाणी ठेवायचं, मगच झाळायचं.

त्या वैशाखात टाकीच्या तोंडाजवळ बारीक भेग पडली होती. मी नियमाप्रमाणे पेट्रोल काढलं, नळीसुद्धा सोडून निथळली, परत जोडली आणि गड्यांकडून घागरी आणवून टाकी पाण्यानं भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेगडी पेटवून झाळाईची तयारी करत बसलो होतो.

तेवढ्यात मळ्याकडून आवाज आला. आमच्या नव्या विहिरीवर सुरुंगाचं काम चालू होतं, म्हणून मी मानही वर केली नाही. मग आरडाओरड ऐकू आली.

दोघं गडी दादाला बाजेवर घालून पळत आणत होते. एक सुरुंग उडालाच नव्हता, दादा बघायला खाली उतरला, आणि तेव्हा तो उडाला. गुडघ्याखाली पाय म्हणावं असं काही राहिलं नव्हतं. वहिनीनं त्याच्या मांडीला धोतर आवळून धरलं होतं आणि तिच्या कोपरापर्यंत रक्त होतं. दादाचं तोंड पांढरंफटक. परभणीची सरकारी मोटार सकाळीच निघून गेलेली. बैलगाडीनं परभणीला पोचेपर्यंत तो राहिला नसता, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

"भावजी, तुमची लॉरी हाय ना! काढा की! काय बघायलात?"

मी काही बघत नव्हतो. मला काही दिसतच नव्हतं. बाज मागं चढवली, वहिनी बसली, गड्यानं हँडल मारलं. पहिल्याच फेऱ्यात इंजिन सुरू झालं. एरवी सकाळी ती माझा घाम काढल्याशिवाय दाद देत नाही. मी गिअर टाकला आणि निघालो.

रस्ता कसला, खडी आणि फुफाटा. मी देवाला हाका मारत होतो. ज्या माणसानं कधी उंबऱ्यावर डोकं टेकवलं नाही तो गावोगावच्या मारुतीला नवस बोलत चालला होता! मागून वहिनीचा आवाज येत होता, "बोला की ओ, डोळे मिटू नका, माझ्याकडं बघा..." तिचा आवाज थांबला की माझा जीव थांबायचा.

झरी गाव मागं पडलं आणि कसं कोण जाणे, मला शेगडी आठवली. घरी पेटलेली शेगडी तशीच सोडून आलो, असं मनात आलं. शेगडी कशासाठी? झाळाईसाठी. आणि मग... टाकीत पाणी आहे.

इंजिन चालू होतं. मला त्याची धडधड ऐकू येत होती, पायाखाली थरथर लागत होती. कार्ब्युरेटरमध्ये चमचाभर पेट्रोल राहिलं असेल हो, पण त्यावर लॉरी गावाच्या वेशीपर्यंत जाईल फार तर. आम्ही कितीतरी मैल आलो होतो. थांबून बघावं का? थांबलो आणि परत सुरू झाली नाही तर? मी पेडलवरचा पाय तसूभर हलवला नाही. समोर गुरं आडवी आली तरी हॉर्न वाजवला नाही, न जाणो या हॉर्ननंच काहीतरी मोडेल. मी नुसता पुटपुटत होतो, पाणी नाही, पाणी नाही, पाणी नाही. दुधना नदीच्या पुढचा चढ ती रिकाम्या गाडीसारखी चढून गेली.

दवाखान्याच्या आवारात शिरलो आणि मी ब्रेक दाबायच्या आत ती आपोआप थांबली.

दादाला आत नेलं. मी बाहेर आलो, बॉनेटवर हात टेकला. वैशाखातलं भर दुपारचं ऊन, एवढी धाव, तिथं पोळायला हवं होतं. आतल्या लोखंडाला हात लावला तर ते माठासारखं गार. टाकीचं झाकण उघडलं. पाणी, तोंडापर्यंत. नळी सोडली, पाणी. मी रहमतमियाँना बोलावून आणलं. त्यांनी सगळं पाहिलं, प्लग काढून हुंगले, आणि फडक्याला हात पुसले.

"बापूसाब, ये इंजन आज चला नइं," ते म्हणाले. "आप इसको कैसे लाए, मेरे कू मत बताओ."

दादा वाचला. पाय गेला, पण माणूस घरी आला. लॉरी नंतर पेट्रोल भरल्यावर नेहमीसारखी कुरकुरत सुरू झाली, आजही होते. खरं संकट त्यानंतरचं आहे.

एके दिवशी दादानं मला जवळ बसवलं. म्हणाला, "बापू, त्या दिवशी इंजिन कुठं चालू व्हतं रं?"

"म्हणजे? चालूच होतं की, दादा."

"न्हाई. मी शुद्धीत व्हतो. नुसती चाकं वाजायलती खडीवर. उतारावर सोडल्यावानी. आन् चढावर बी तसंच. कोन ओढायलतं आपल्याला?"

वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "मला काय बी ऐकू आलं न्हाई भावजी, मी ह्यांच्या तोंडाकडं बघत व्हते."

टाकीचं त्याला गड्यांकडून कळलंच. तेव्हापासून माझा तो हसरा भाऊ संपला. जेवण सुटलं. कुबडी घेऊन गोठ्याच्या दाराशी यायचा आणि लॉरीकडं बघत राहायचा. "ज्यानं ओढलं त्ये फुकट ओढंल का? मागाया येईल. माझ्या लेकरांकडं येईल." मी विकतो म्हणालो तर हात जोडले, "नगं, राग येईल त्येला." सुरुंगानं न मेलेला माणूस माझ्या डोळ्यांदेखत असा झिजत चालला होता आणि मला काही करता येत नव्हतं.

शेवटी मी त्याच्यापुढं बसलो आणि म्हणालो, "दादा, मी घाबरून तुला बोललो नाही. पाणी मी आदल्या रात्रीच काढलं होतं. पेट्रोल भरलेलं होतं. दवाखान्यात कोणीतरी चेष्टेनं पाणी ओतलं."

त्यानं माझा हात घट्ट धरला. "आईची आन?"

"आईची आन."

त्या दिवशी तो दोन भाकरी जेवला. आता शेतात जातो, गड्यांवर ओरडतो, माझ्या लॉरीला परत भंगार म्हणतो. दादाचं शिक्षण निजामाच्या शाळेत उर्दूतून झालं, मराठी मासिक तो हातात धरत नाही. म्हणून तर हे लिहायचं धाडस केलं.

पण पाणी मी काढलं नव्हतं. मला आजवर कशाचाही उलगडा झालेला नाही, आणि आता दादाची भीती माझ्याकडं आली आहे. माझी लेकरं अंगणात खेळतात आणि मी मोजत बसतो, सगळी आहेत ना.

वाचकांपैकी कोणाला इंजिनातलं कळत असेल, तर मला एक पत्र टाका. एवढंच लिहा, की टाकीत पेट्रोल होतं. खोटं असलं तरी चालेल.