जाधवबाई आणि तो अर्धा तास

जाधवबाईंची आणि माझी ओळख फोनवर झाली, आणि पहिल्याच फोनला त्यांनी मला झापलं. मी तेव्हा देवरूखच्या तहसील कचेरीत नवा कारकून होतो. आषाढातली सकाळ होती. रत्नागिरीच्या नियंत्रण कक्षातून एका बाईंचा फोन आला. घाटमाथ्यावर जोराचा पाऊस आहे, दुपारपर्यंत नदी चढेल, काठच्या तीन वाड्यांना निरोप द्या, असं त्या म्हणाल्या. मी "हो हो, कळलं" म्हणून फोन ठेवायला निघालो.

"थांब. काय कळलं ते सांग."

"तेच, पाणी वाढणार आहे."

"कुठलं पाणी? कधी? कोणाला सांगणार? अरे बाबा, मी सांगितलं म्हणजे तुला पोचलं असं नाय होत. परत बोलून दाखव."

मी चरफडत बोलून दाखवलं. तीनपैकी एका वाडीचं नाव चुकलं. "बघ," त्या शांतपणे म्हणाल्या, "तिथली माणसं आता पाण्यात बसली असती."

पुढे दोन वर्षांनी माझी बदली रत्नागिरीला झाली आणि मी त्यांच्याच शेजारच्या टेबलाशी बसू लागलो. सुनंदा जाधव. बुटक्या, काळ्यासावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा. हेदवीजवळच्या एका गावातल्या बौद्धवाडीत वाढलेल्या. वडील शाळेत शिपाई होते आणि शाळेची घंटा द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. "बाबांना ताप आला तर घंटा मी द्यायची. दोन मिनिटं उशीर झाला तर हेडमास्तर मला नाय, बाबांना बोलायचे," असं त्या सांगत. वादळाचा निरोप द्यायचा असला की बाई खुर्चीवरून उठायच्या आणि उभ्यानेच बोलायच्या. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "बसून सांगितलं की आवाज पण बसतो."

गंमत म्हणजे जन्म किनाऱ्यावर काढून बाई कधी होडीत बसल्या नव्हत्या. फेरीबोटीतसुद्धा त्यांना उलटी व्हायची. पण समुद्रावर कोण कुठे आहे, हे त्यांना तोंडपाठ असे. आमच्यासमोरच्या समुद्रात फक्त आमच्याच बोटी नसतात. मासळीच्या मागे गुजरातच्या येतात, गोव्याच्या येतात, कर्नाटकाच्या येतात, आणि वारा फुटला की सगळ्या जयगडच्या खाडीत आसऱ्याला धावतात. अशाच एका वेळी कारवारकडच्या बोटीवरचा एक खलाशी तापाने फणफणला होता. त्याची भाषा कोणाला कळेना. बाईंनी चार ठिकाणी फोन करून कारवारच्या मच्छीमार सोसायटीतल्या वायरलेसवाल्याला गाठलं. त्याचं नाव नाईक. कोकणी त्याची घरची, कन्नड बाजारची आणि मराठी कामापुरती.

तेव्हापासून दोघांचा रोज सकाळी फोन. तिथे दक्षिणेला वारा फिरला की नाईक आधी बाईंना सांगायचा, आणि बाई पुढे वेरावळच्या बंदरातल्या एका गुजराती गृहस्थाला सांगायच्या. त्याला त्या नुसतं 'भाई' म्हणत. तिघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. बाईंच्या टेबलाच्या काचेखाली एक कागद होता. त्यावर कन्नड आणि गुजराती शब्द देवनागरीत लिहिलेले: 'होगबेडि – जाऊ नका. बन्नि – या. पाछा वळो – मागे फिरा.' दुपारी डबा खाताना त्या ते शब्द पुटपुटायच्या आणि आम्ही हसायचो.

मग एका वर्षी वादळाचा इशारा आला. बाईंनी आपल्या बंदरांना, कारवारला आणि वेरावळला कळवलं, शेकडो बोटी मासळी सोडून परतल्या, आणि वादळ वळून भलतीकडेच गेलं. आमच्याकडे पानही हललं नाही. दुसऱ्या दिवशी बोटींचे मालक कचेरीत आले. एकजण बाईंच्या टेबलावर हात आपटून म्हणाला, "ओ बाई, वारा तुम्हाला इचारून येतो काय? बर्फ वितळला, डिझेल जळलं. आता आमी काय करायचं?"

बाई उभ्या राहिल्या. "तुमी घरी आलात ना?" एवढंच म्हणाल्या.

तक्रार वर गेली. परराज्यातल्या लोकांशी परस्पर बोलायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, अशी कारणे दाखवा नोटीस बाईंना आली. असे निरोप मुंबईमार्फत जायचे असतात, हा नियम होता आणि तो खराच होता. साहेब वाईट नव्हते. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, "नाईकांचा फोन घ्या, पण पुढे काही करण्याआधी मला विचारा. पुन्हा असं झालं तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही." बाईंची नोकरी संपायला तीन वर्षं उरली होती. नवरा अंथरुणाला खिळलेला. त्यांनी मान हलवली.

दिवाळी चार दिवसांवर आली होती. सकाळी नऊला नाईकचा फोन आला. मी समोरच होतो. बाई बोलता बोलता उठून उभ्या राहिल्या.

"बाई, वारं फिरलं. हवामान खात्याचा अंदाज संध्याकाळचा आहे, पण दर्या इतका थांबायचा नाही. आमच्या सात बोटी तुमच्यासमोर आहेत, रत्नागिरीच्या पश्चिमेला. माझा वायरलेस तिथवर पोचत नाही. तुमचा पोचेल."

"सात. आमच्या पश्चिमेला. बघते," बाई म्हणाल्या आणि साहेबांच्या दाराशी गेल्या. आत मुंबईशी व्हिडिओवर बैठक चालू होती. दारावरच्या शिपायाने हात आडवा धरला. मी माझ्या फोनला लागलो. आमच्या गावांना अंदाज कळवायचा होता. मधे मान वर केली तर बाई तिथेच उभ्या होत्या, दाराच्या काचेतून आत बघत. आणखी दोन फोन झाल्यावर पाहिलं, तरी तिथेच. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. मला वाटलं, घाई कसली, अजून दिवस पडलाय.

साडेनऊच्या सुमाराला बाई एकदम वळल्या. "साळवी, चल."

"परवानगी मिळाली?"

"नाय. चल तू."

रिक्षाने आम्ही बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीच्या खोलीत पोचलो. वायरलेसच्या सेटपुढे बाई उभ्या राहिल्या, मोबाइलवर नाईकला लावलं, मोबाइल माइकच्या तोंडाशी धरला आणि बटण दाबलं. "बोला, नाईक."

नाईकचं कन्नड त्या खोलीतून समुद्रावर जाऊ लागलं. मला त्यातलं 'जयगड' तेवढं कळत होतं. बाई बटण सोडायच्या, आम्ही कान देऊन थांबायचो, नुसती खरखर. पुन्हा बटण. तिसऱ्या खेपेला खरखरीतून एक माणूस बोलला. नाईक ओरडला, "एक मिळाली बाई! जाळं ओढतायत. कापा म्हणून सांगतो!" मग दुसरी मिळाली, मग दोन एकदम. भिंतीवरच्या कागदावर मी रेघा मारत होतो. सहा रेघा झाल्या.

"सातवी?" बाई म्हणाल्या.

सातवी बोट मंजुनाथ नावाच्या तांडेलाची, तोच ती चालवायचा. तिच्यावर सात माणसं. नाईकने पुन्हा पुन्हा हाक मारली. शेवटी सहावीवरचा माणूसच काहीतरी बोलला. 

"काय म्हणाला?"

"म्हणतो, आपली पहिली हाक ऐकू यायच्या पाव तास आधीपर्यंत मंजुनाथ वायरलेसवर बोलत होता. बॅटरी उतरलीय म्हणत होता. मग त्याचा आवाज बंद झाला."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मीही पाहिलं. मला तेव्हा काहीच उमगलं नाही. बाईंनी पुन्हा बटण दाबलं.

दुपारी एकला वारा आला. खोलीचा पत्रा सुटून धाडधाड आपटू लागला, धक्क्यावरच्या नारळी आडव्या झाल्या. सहाही बोटी तीनच्या आत जयगडच्या खाडीत शिरल्या. बाईंनी साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. साहेबांनी लगेच शोधासाठी वर कळवलं. बाईंनी वेरावळच्या भाईंनाही कळवलं, की तुमच्या ज्या बोटी आमच्याकडून परततील त्यांना सात माणसं बघायला सांगा. अंधार पडला तरी त्या सेटपुढून हलल्या नाहीत. पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी गुजरातच्या एका ट्रॉलरला मोकळ्या पिंपांना धरून तरंगणारे चौघे सापडले. तिघे मिळाले नाहीत. मंजुनाथ त्या तिघांत होता.

सहा बोटी वाचल्या म्हणून बाईंचा सत्कार झाला. शाल, नारळ, पेपरात फोटो. पहिलं भाषण साहेबांचं होतं आणि ते मनापासून होतं. सत्कार झाल्यावर बाई त्यांच्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा साहेब त्यांच्यामागून दारापर्यंत आले होते, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाई माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "साळवी, चार दिवस रजा टाक. कारवारला जायचंय."

कारवारच्या फलाटावर एक उंच, किडकिडीत, पांढऱ्या मिशांचा माणूस उभा होता. बाई त्याच्यासमोरून पुढे गेल्या आणि त्याने "आल्या काय?" म्हटल्याबरोबर गर्रकन वळल्या. इतक्या वर्षांनी दोघं समोरासमोर आली होती. दोघांनी नमस्कार केला.

मंजुनाथचं घर तिथून पुढे एका खाडीकाठी होतं. त्याची बायको गिरिजा ओट्यावर येऊन बसली. तिशीची असेल. नाईक तिच्याशी बोलू लागला. बाईंना स्वतःचं नाव ऐकू आलं, 'सहा' हा आकडा त्याने बोटांनी दाखवला, तशी त्यांनी त्याला थांबवलं.

"नाईक, ते नको. मी सांगते ते सांगा. तिला सांगा, तुमचा फोन मला नऊला आला. मी साहेबांच्या दारात अर्धा तास उभी राहिले. त्या अर्ध्या तासात तिच्या नवऱ्याचा वायरलेस चालू होता."

 बंदरावर त्यांनी घड्याळाकडे का पाहिलं, ते मला तिथे, त्या ओट्यावर कळलं. आणि मीही त्या अर्ध्या तासात मान वर करून दोनदा त्यांना पाहिलं होतं.

"हे मी कसं सांगू, बाई?" नाईक म्हणाला. "वादळ काय तुम्ही आणलं?"

"तुमी नाय सांगितलं तर मी तिला खुणांनी सांगेन."

नाईकने खाली बघत सांगितलं. गिरिजाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. नाईकने तो मराठीत केला: "ती विचारते, का उभ्या राहिलात?"

"भ्याले," बाई म्हणाल्या. "नोकरी जाईल म्हणून भ्याले."

गिरिजा उठून आत गेली. आम्ही बसून राहिलो. माडाच्या झावळ्या विणणाऱ्या शेजारच्या दोन बाया हात थांबवून आमच्याकडे बघत होत्या. आता बाहेर येऊन ही काय बोलेल, काय करील, याची मला धास्ती होती. बाई मात्र पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या. मिळेल ते घ्यायला आल्यासारख्या.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात वहीचा फाडलेला कागद होता. त्यावर एक फोन नंबर. ती बाईंकडे न बघता नाईकशी बोलली.

"तिचा धाकटा भाऊ समुद्रावर जातो," नाईक म्हणाला. "हा तिचा नंबर. ती म्हणते, यापुढे वारा आला की आधी इथे सांगा."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. चहा विचारला नाही. बाईंनी कागद पिशवीत घातला, तिला हात जोडले आणि आम्ही निघालो. परतीच्या गाडीत बाई खेडपर्यंत जाणाऱ्या एका बाईशी लोणच्याबद्दल बोलत बसल्या. रत्नागिरी यायच्या थोडं आधी मला म्हणाल्या, "साहेबांना पण हेच सांगितलं मी. दार त्यांचं होतं, पण पाय माझे होते."

साहेबांनी त्यानंतर दोन महिने मुंबईला खेटे घातले. आज आमच्या बंदरांतल्या खोल्या गोवा, कारवार, वेरावळ इथल्या खोल्यांशी थेट बोलतात. कोणाला विचारावं लागत नाही. दर महिन्याला एकदा सगळे सेट तपासले जातात, आणि प्रत्येक बोटीने जादा बॅटरी बाळगायची, असं चारी ठिकाणच्या सोसायट्यांनी मिळून ठरवलं आहे. या कामात बाईंचं नाव कुठल्याच कागदावर नाही. त्यांना ते नकोच होतं.

त्या निवृत्त झाल्या आणि पुढच्याच वर्षी, माघात, छातीत दुखायचं निमित्त होऊन गेल्या. त्यांच्या जागी आता मी बसतो. बाई गेल्याचं मी नाईकला फोनवर कळवलं. तो म्हणाला, "गिरिजालाही सांगायला हवं. थांबा, तिलाही फोनवर घेतो."

गिरिजा फोनवर आली. नाईकने तिला सांगितलं. मला तिची भाषा येत नाही. तिने काहीतरी विचारलं.

"ती विचारते," नाईक म्हणाला, "आता फोन कोण करणार?"

मी खुर्चीवरून उठलो.

"मी," म्हणालो. "साळवी. नाव लिहून घ्यायला सांगा तिला."